लिटरमागे ऐंशी ग्रॅम

मेट्रनबाईंनी खोकं टेबलावर ठेवलं नाही, आपटलं. आतल्या साबणाच्या वड्या खडखडल्या.

"धुवा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर या साबणानं हात धुवा, आणि मग मला सांगा काय झालं ते."

थोरली तासाभरापूर्वीच माहेराहून परतली होती. आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून गेली ती तीन आठवडे तिकडेच अडकली. बॅग अजून दारातच होती, अंगावर प्रवासातलेच कपडे होते. तिला वाटलं होतं, आधी एक कप चहा घ्यावा, मग कारखान्यात डोकावावं. कारखाना म्हणजे काय, तर घरामागची पत्र्याची लांबलचक खोली: एका भिंतीला दोन मोठी पातेली, दुसऱ्या भिंतीला साबण वाळत ठेवायच्या मांडण्या आणि मधे कापायचं टेबल. चौदा वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या एका शेगडीवर तिनं हे सुरू केलं होतं. आता नवरा गाडीतून माल पोचवायचा, धाकटा दीर ऑर्डरी बघायचा आणि त्याची बायको, म्हणजे तिची धाकटी जाऊ, तिच्या हाताखाली साबण शिजवायची.

वृद्धाश्रम हे त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. म्हाताऱ्या माणसांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, म्हणून त्यांच्यासाठी थोरली वास नसलेला, रंग नसलेला, तेलकट साबण करायची. नऊ वर्षांत तिथल्या मेट्रनबाईंनी या दारात पाय ठेवला नव्हता. ठेवायची वेळच आली नव्हती.

थोरलीनं हात धुतले नाहीत. तिनं वडी उचलली, नखानं कोपरा खरवडला आणि तिथे जिभेचं टोक लावलं. बॅटरीच्या सेलला जीभ लावावी तसा झटका बसला. ती थुंकली, पुन्हा थुंकली. तोंडात झणझण राहिलीच.

"कॉस्टिक सोडा," ती पुटपुटली. "सुटा सोडा आहे यात."

"मला ते कळत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "मला एवढं कळतं, की बावीसातल्या सात जणांच्या पाठी-मांड्यांची सालं निघालीत. एक आजी तीन रात्री पालथ्या झोपतायत. आमच्या बायकांच्या बोटांना भेगा पडल्यात. चार दिवस आम्ही पाण्याला दोष देत बसलो."

एवढ्यात धाकटा आतून आला. तो नेहमी हसतमुख. आताही हसतच आला, आणि थोरलीला वाटलं, याचं हे हसू पकडून खुंटीला टांगावं.

"अहो बाई, वहिनी नव्हत्या ना इथे," तो म्हणाला. "आमची ही एकटीच बघत होती. तिच्या हातून सोडा जरा जास्त पडला असणार. काळजी करू नका, मी सगळा माल बदलून देतो."

"काय बदलून देता? कातडी?" मेट्रनबाईंनी पर्स उचलली. "आज संध्याकाळपर्यंत मला खरं काय ते कळलं पाहिजे. नाहीतर मी वरती लेखी तक्रार करणार आहे."

त्या गेल्या. थोरली तरातरा कारखान्यात गेली. तोंडातल्या झणझणीपेक्षा डोक्यातली मोठी होती. चौदा वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. तीन आठवडे पाठ फिरवली, तर ही गत!

धाकटी मोरीपाशी उभी होती. दोन्ही हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या, मनगटाशी रबर लावलेले. थोरलीनं ते पाहिलं, पण राग आंधळा असतो म्हणतात ते काही खोटं नाही.

"एक सोडा मोजायचा होता तुला! एक! सहा वर्षं माझ्या शेजारी उभी राहून काय शिकलीस? लक्ष कुठं होतं, फोनमध्ये?"

धाकटीनं पिशव्यांतले हात पाठीमागे घेतले.

"माणसांची सालं निघालीत तिकडे! म्हातारी माणसं आहेत ती!"

"सोडा बरोबर होता, ताई," धाकटी खाली बघत म्हणाली. "ग्रॅमला ग्रॅम. दोनदा मोजला मी. तुम्ही सांगितलंय तसंच."

"मग साबण काय आपल्या मनानं चावायला लागला?"

धाकटीनं कोपरानं फडताळाचं दार उघडलं आणि हनुवटीनंच आतली वही दाखवली. हात वापरवत नव्हते तिला. थोरलीनं वही ओढली. दोन घाणे झाले होते. सोडा: बरोबर. पाणी: बरोबर. तेल, खोबरेल आणि सूर्यफूल मिळून: तीस. तेही बरोबर. तिचंच प्रमाण होतं ते, तीस किलोचं. ती पान मिटणार, तोच तिला दिसलं, की तीसच्या पुढे 'कि.' नव्हतं, 'लि.' होतं.

"हे काय? तेल काट्यावर नाही घेतलंस?"

"मोठा काटा बंद पडला होता. दुरुस्तीवाला चार दिवसांनी येतो म्हणाला. ऑर्डर तर द्यायची होती. मग हे म्हणाले, लिटरच्या मापाच्या जगानं घे. तीस जग म्हणजे तीस किलो."

"आणि तू घेतलंस?"

"मी म्हटलं, ताई वजनच करतात, तुम्हाला फोन करून विचारते. तर म्हणाले, वहिनींची आई दवाखान्यात आहे आणि तुला साबणाचं पडलंय. लिटर म्हणजे किलो, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल, म्हणाले." तिनं एवढ्या वेळात पहिल्यांदा वर पाहिलं. "दुसऱ्या घाण्याला परत म्हटलं, ताई. वड्या कापताना हात चुरचुरायला लागले, तेव्हा. तर म्हणाले, तुझी नाटकं आहेत."

थोरली कापायच्या टेबलाला टेकली. तिला ऐंशीचा आकडा आठवला, मग चोवीसशे, मग नऊशे. हे हिशेब तिला झोपेतून उठवून विचारले तरी यायचे. पण ते आकडे मनात लागत असतानाच डोळ्यांसमोर धाकटीचे पिशव्यांत घातलेले हात होते. रागाचा रोख बदलला. ती वळली आणि घरात गेली.

थोरला आणि धाकटा जेवायला बसायच्या बेतात होते. तिनं ताटं बाजूला सरकवली आणि सोडा मोजायचा छोटा काटा टेबलाच्या मधोमध ठेवला. शेजारी मापाचा जग, आणि तेलाचा डबा.

"भावजी, या इकडे. हा रिकामा जग काट्यावर ठेवते. काटा शून्यावर आणला. बघितलं? आता तुम्ही ओता. लिटरच्या रेघेपर्यंत. तुमच्या हातानं."

"वहिनी, दोन घास खाऊन घेऊ या की..."

"ओता."

आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. थोरल्यानं भावाकडे पाहून मान हलवली. लग्नाला वीस वर्षं झाली होती. बायकोचा हा आवाज त्यानं तीन-चारदाच ऐकला होता, आणि त्या वेळी मधे पडायचं नसतं, हे तो शिकला होता.

धाकट्यानं तेल ओतलं. रेघेला रेघ लागली.

"किती दाखवतोय?"

"नऊशे वीस."

"एक किलोला किती कमी?"

"ऐंशी ग्रॅम." धाकट्याला हायसं वाटलेलं दिसलं. "बघा! ऐंशी ग्रॅम, वहिनी! चिमूटभर! एवढ्यानं कुणाची सालं निघतात का? नक्की सोडाच..."

"तेल पाण्यावर का तरंगतं, भावजी?"

"आं?"

"शाळेतलं पोर सांगेल म्हणालात ना? मग सांगा. तरंगतं, कारण ते पाण्यापेक्षा हलकं असतं. लिटरभर पाणी किलोभर भरतं. तेल नाही भरत. आता तुमच्या चिमटीला तिसानं गुणा."

धाकटा बोटांवर आकडे मोजायला लागला.

"दोन किलो चारशे," ती म्हणाली. "एका घाण्यात एवढं तेल कमी पडलं. सोडा मात्र पूर्ण तीस किलोच्या बेतानं, कारण तुमच्या बायकोनं तो चोख मोजला. मी दर घाण्याला दीड किलो तेल जास्तीचं धरते. सोड्यानं पोटभर तेल खाऊन वर दीड किलो उरावं, म्हणून. म्हाताऱ्यांच्या कातडीसाठी. ते दीड किलो गेलं, आणि वर आणखी नऊशे ग्रॅमची तूट. तेवढ्या तेलाच्या वाट्याचा सोडा उपाशी राहिला, भावजी. उपाशी सोडा काय करतो, ठाऊक आहे? त्याला भांड्यात तेल मिळालं नाही, की तो माणसाच्या कातडीतलं खातो."

जगातलं तेल स्थिर झालं होतं आणि काटा तेवढाच आकडा दाखवत होता.

"मला काय माहीत?" धाकटा शेवटी म्हणाला. "मी काय मुद्दाम केलं?"

"माहीत नव्हतं हा गुन्हा नाही. मलाही एकेकाळी माहीत नव्हतं, माझा पहिला साबण मी स्वतःच्या हातावर भोगलाय. पण जिला माहीत होतं ती दोनदा सांगत होती. तिचं तोंड तुम्ही बंद केलंत. आणि आज परक्या बाईसमोर तिच्यावरच ढकलून मोकळे झालात. सोडा तिच्या हातून पडला म्हणे!"

धाकटी दारात येऊन उभी राहिली होती. ती कुणाकडेच बघत नव्हती.

"दुसरा घाणा कुठाय?" थोरलीनं विचारलं. "मांडणीवर फक्त अर्धा दिसला."

धाकट्यानं पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला.

"पाळणाघरात," धाकटी दारातून म्हणाली. "काल दुपारी दोन खोकी गेली."

थोरला ताडकन उठला. ती खोकी त्यानंच गाडीतून नेली होती. "मी दिली, अगं. माझ्या हातानं दिली."

"पोरं," थोरली म्हणाली.

"थांबा, थांबा, घाई नको," धाकटा पुढे झाला. "मी फोन करतो त्यांना. सांगतो, चुकून कपड्यांचा साबण आलाय, अंगाला लावू नका. झालं! उगाच गावभर बोभाटा कशाला? चौदा वर्षांचं नाव आहे आपलं, वहिनी. एकदा का..."

"नाव?" आता मात्र आवाज चढला, आणि असा चढला, की शेजारच्यांची खिडकी उघडली. "तिथं एक आजी तीन रात्री पालथी झोपतेय आणि तुम्ही नावाचं काय घेऊन बसलात? कपड्यांचा साबण! म्हणजे त्या बाया तो हातांनी कपड्यांना चोळणार, आणि तेच कपडे पोरांच्या अंगात घालणार! एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं! नाव माझं आहे ते. घालवायचं असेल तर मीच घालवीन, खरं सांगून. तुम्ही फोनला हात लावायचा नाही!"

फोन तिनं स्वतः केला. कुणी उचलला नाही. थोरल्यानं तोवर गाडीची किल्ली घेतली होती. धाकटी न विचारता मागे जाऊन बसली, पिशव्यांतले हात मांडीवर ठेवून.

रस्त्यात एका सिग्नलला थोरली मागे वळली.

"मी तुला मघाशी बोलले ते..."

"राहू दे, ताई."

"राहू कसं दे? मीही तेच केलं ना, जे त्यांनी केलं. हात दिसत होते मला तुझे. तरी आधी तोंड सुटलं. चुकलं माझं."

धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली. तिकडेच बघत म्हणाली, "ते बोलले त्याचं नाही एवढं वाटलं. तुम्ही बोललात त्याचं वाटलं." सिग्नल सुटला.

पाळणाघरात दुपारची झोप नुकतीच संपत होती. बुटक्या बेसिनांची एक ओळ, प्रत्येकावर एकेक नवी कोरी वडी. कागद तेवढे काढलेले. कालचा दिवस जुन्या वड्यांनी निघाला होता; आज खाऊच्या आधी हात धुवायला पोरांची रांग लागतच होती. थोरली कुणाला काही न सांगता त्या रांगेच्या पुढे घुसली आणि वड्या उचलत सुटली. एका चिमुरडीनं ओरडून सांगितलं, "बाई, ही आजी आपला साबण चोरतेय!" थोरलीला अजून पन्नाशीही लागली नव्हती. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती हसली असती.

पाळणाघरवाल्या बाई धावत आल्या. थोरलीनं सगळं सांगितलं, काहीही न गाळता: काटा बंद होता, तेल वजनाऐवजी मापानं घेतलं, म्हणून सोडा उरला, तो भाजतो. बाईंचा चेहरा आधी उतरला, मग तांबडा झाला.

"आणि तुम्ही आज आला नसतात तर?"

"तर भाजलं असतं."

बाईंनी यापेक्षा जास्त बोलून घेतलं असतं, तर थोरलीनं तेही ऐकून घेतलं असतं. पण त्यांनी दोन्ही खोकी पायानं तिच्याकडे सरकवली, आणि मुलांचे हात साध्या पाण्याखाली धरायला त्या वळल्या.

तिथून गाडी वृद्धाश्रमात. मेट्रनबाईंनी तिचं बोलणं उभ्या उभ्याच ऐकलं आणि म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. ऐकलंत, आता बघा."

खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर आजी पालथ्या झोपल्या होत्या. पाठीवर मलमाची पट्टी, कडेनं लालबुंद कातडी. थोरलीनं नजर वळवायचा प्रयत्न केला. मेट्रनबाई हलल्या नाहीत, म्हणून तीही हलली नाही.

"या साबण करतात," मेट्रनबाई म्हणाल्या.

आजींनी उशीवरून मान वळवली. एक डोळा तेवढा दिसत होता, पण तो चांगलाच तल्लख होता. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, साबण चावतोय. तर या सगळ्या म्हणतात, आजी, वय झालंय, कातडी कोरडी पडते. सत्त्याऐंशी वर्षं आंघोळ करतेय मी! साबण चावतो की वय चावतं, एवढं कळत नाही होय मला?"

मेट्रनबाईंची मान खाली गेली. खोलीत पहिल्यांदाच राग एकट्या थोरलीच्या वाट्याचा राहिला नाही.

"तुमचं खरं होतं, आजी," थोरली म्हणाली. "तेल कमी पडलं होतं. आमच्याकडेही एकीनं सांगितलं होतं. तिचंही ऐकलं नाही कुणी."

"मग त्या न ऐकणाऱ्याच्या पाठीला लावा तो साबण," आजी म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

दारापर्यंत पोचवताना मेट्रनबाई म्हणाल्या, "तुम्ही स्वतः आलात, लपवलं नाहीत. तक्रार मी करणार नाही. पण साबण आता दुसरीकडून घेईन. माझी हिंमत नाही." थोरलीनं मान डोलावली. भांडण्यासारखं काही नव्हतं, आणि भांडण्याइतकी ताकदही नव्हती.

घरी परत आल्यावर तिनं पदर खोचला. आलेल्या खोक्यांतल्या आणि मांडणीवरच्या वड्या किसायच्या, पाणी घालून पातेल्यात वितळवायच्या, आणि कमी पडलेलं तेल, या वेळी काट्यावर तोलून, त्यात शिजवायचं. साबण वाया जात नाही, दुरुस्त होतो. दुरुस्तीवाल्याला थोरल्यानं अक्षरशः घरातून उचलून आणलं, आणि मोठा काटा दिवस मावळायच्या आत सुरू झाला.

धाकटा दारात घुटमळत होता. तिनं जाड हातमोजे त्याच्याकडे फेकले.

"किसा."

त्यानं किसलं. दोन-अडीचशे वड्या. हे काम तो पहिल्यांदाच करत होता. खांदे भरून आले, घाम डोळ्यांत उतरला, तरी पुसायला हात वर नेता येईना, कारण मोज्यांना साबण होता. धाकटी काट्याजवळ स्टुलावर बसून आकडे वाचत होती. थोरली ओतत होती.

"वहिनी," शेवटची वडी संपल्यावर तो म्हणाला, "माफ करा. माझ्यामुळे तुमची एवढी वर्षांची..."

"माझी नका मागू."

त्यानं हातमोजे काढले. मग स्टुलाकडे वळला. बायकोची सगळ्यांसमोर माफी मागणं हे त्याला किसण्यापेक्षा किती जड जात होतं, ते त्याच्या मानेवरच दिसत होतं. "तू सांगत होतीस," तो कसाबसा म्हणाला. "मी ऐकलं नाही. आणि तुझ्यावर ढकललं. चुकलं."

धाकटी काट्यावरची नजर न काढता म्हणाली, "मेट्रनबाईंसमोर नाव घेतलंत माझं. त्यांच्यासमोरही सांगा हे. उद्या सकाळी. मी येते बरोबर."

धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. कुणीही त्याच्या मदतीला आलं नाही.

"बरं," तो म्हणाला.

थोरली पातेलं ढवळत राहिली. राग उतरला नव्हता, पुढचे कित्येक दिवस उतरणारही नव्हता. झोपेतही तिला ती लाल पाठ दिसायची आणि ती दात-ओठ खात उठून बसायची. वृद्धाश्रमाची ऑर्डर परत आली नाही. पाळणाघरवाल्या बाईंनी दोन महिन्यांनी एक खोकं मागवलं, एकच. ते धाकट्या जावेनं स्वतः शिजवलं, स्वतः कापलं, आणि पोचवायलाही तीच गेली. तिथल्या बेसिनवर आधी स्वतःचे हात त्या साबणानं धुऊन दाखवले, आणि मगच खोकं बाईंच्या हवाली केलं.